हप्ता थकला, की माय थकली?
बैठकीत वाचण्यासाठी पाठ : मनाच्या संकटात सापडलेल्या लेकराच्या आईबापांना सोबत



या महिन्याचा पाठ कर्जाचा नाही, शेळीपालनाचाही नाही. पण बैठकीत मोठ्यानं वाचावा आणि मध्ये थांबून बोलावं असा आहे. अर्धा तास राखून ठेवा. सुरू करण्याआधी विषय सांगा. कुणाला उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या, "का गं?" म्हणून विचारू नका.

आमच्याच गटात घडलेलं

मी आमच्या गटाची सचिव. दोन वर्षांमागे गटातली एक ताई सलग तीन बैठकांना आली नाही. दोन हप्तेही थकले. नियमाप्रमाणे आम्ही गैरहजेरीचा दंड लावला. तो ठराव इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे.

चौथ्या महिन्यात मी वसुलीला तिच्या घरी गेले. ताई उंबऱ्यातच बसलेली. आत तिची सोळा वर्षांची मुलगी झोपली होती. ताई हळू आवाजात म्हणाली, "घर सोडून कशी येऊ? रात्री मी जागते, दिवसा हिचे पप्पा. एकटं सोडायची भीती वाटते." मुलीनं एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. घरात तीन माणसं सोडून कुणाला माहीत नव्हतं. "सांगू कुणाला? लोक म्हणतील पोरीचंच काहीतरी असेल. उद्या लग्न कोण करील?"

मी वही पिशवीतून बाहेर काढलीच नाही. काय बोलावं तेही सुचेना. चुलीवर चहा ठेवला आणि तिला म्हटलं, "तू जरा आडवी हो, उंबऱ्यात मी बसते." ती दीड तास झोपली. पुढं तिनंच सांगितलं, चार महिन्यांत तेवढीच एक गाढ झोप लागली होती.

त्या दिवशी मला कळलं की आम्ही हप्ता थकलेला पाहिला, माय थकलेली पाहिली नाही.

आईबापाला वेगळी सोबत का लागते?

लेकराचा पाय मोडला की अख्खा गाव भेटून जातो. कुणी डबा आणतं, कुणी दूध. पण लेकराचं मन मोडलं तर आपणच दार लावून घेतो. मग चार ओझी एकदम अंगावर येतात. पुन्हा काही केलं तर, ही भीती. माझंच काही चुकलं, हा दोष. दवाखान्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च. आणि कुणाला सांगता येत नाही, हे एकटेपण.

डॉक्टर लेकराला थोडा वेळ बघतात. बाकीचा सगळा वेळ घरच्यांचा असतो. जी माय यातून गेली आहे ती दुसरीला जे सांगू शकते ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. डॉक्टरांना काय काय सांगायचं, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात तोवर धीर कसा धरायचा, धाकट्या भावंडाला काय सांगायचं. आणि "माझ्याही घरी झालंय" हे एक वाक्य तर दुसरं कुणी बोलूच शकत नाही.

हे नवं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आजारी माणसांच्या घरच्यांचे आधारगट चालवत आली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना दुःखी माणसाचं ऐकून घ्यायला शिकवलं गेलं. पुढं तेच काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेलं. आपल्याकडे तर बसायची सवय, दर महिन्याची तारीख आणि एकमेकींवरचा भरवसा आधीच आहे.

ओळखायचं कसं?

वयात येणारी मुलं चिडतात, गप्प होतात. प्रत्येक वेळी तो आजार नसतो. पण झोप आणि भूक बदलली, शाळा नको झाली, मैत्रिणी तोडल्या, अंगावरच्या जखमा लपवायला उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर डॉक्टरांकडे न्यायचं.

"मी नसले तर बरं होईल" असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, असं दिसलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी हालचाल करायची.

पुष्कळ जणींना वाटतं, मरणाचं विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल. तसं होत नाही. "तुला जगू नये असं वाटतं का बाळा?" असं शांतपणे विचारलं तर लेकराला उलट मोकळं वाटतं. उत्तर "हो" आलं तर रागवायचं नाही, रडून गोंधळ करायचा नाही. "बरं झालं सांगितलंस, मी आहे" एवढं म्हणायचं आणि जवळून हलायचं नाही.

संकटाच्या वेळी

1. लेकराला एकटं सोडू नका. पाळी लावा.
2. फवारणीचं औषध, जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे. घराबाहेर ठेवता आलं तर आणखी चांगलं. बहुतेक वेळा तो क्षण निघून गेला की जीव वाचतो.
3. 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलीमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. फक्त आजारी माणसानंच करायचा असं नाही, आईबापही करू शकतात. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे.
4. विषारी काही पोटात गेलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा, शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा आणि औषधाची बाटली सोबत न्या.

पोलीस केस होईल म्हणून काही घरं दवाखाना टाळतात. नोंद होते, विचारपूसही होऊ शकते. पण 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यात जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही. भीतीपायी उशीर करू नका.

कुणी म्हणेल, बाहेरचं आहे, देवऋष्याकडे न्या. देवाला हात जोडा, कुणाची ना नाही. पण औषध सोडून नाही. उपाशी ठेवणं, मारणं तर मुळीच नाही. मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधायला याच कायद्यानं बंदी आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

सोबत करायची कशी?

आम्ही काय केलं ते सांगते. ताईला विचारून, तिच्या होकारानं, तिघी जणी ठरवल्या. त्यातल्या एकीच्या मुलानं पूर्वी असंच संकट काढलं होतं. आठवड्यातून एकदा तिच्याकडे जायचं. पुढं शेजारच्या गावातल्या दोन माया जोडल्या गेल्या. आता पाच जणी महिन्यातून एकदा बसतात. चार नियम आहेत :

* इथलं बोलणं इथंच. इतिवृत्त लिहायचं नाही. गुपित फक्त जीवाला धोका असेल तरच मोडायचं, तेही त्या मायला सांगून.
* एक बोलते तेव्हा बाकीच्या ऐकतात. मागितल्याशिवाय सल्ला नाही.
* कुणाच्या लेकराशी तुलना नाही. "आमच्यानं असं कधी केलं नाही" हे वाक्य बंद.
* आपण डॉक्टर नाही. गोळी सुरू कर, बंद कर, असं कुणी कुणाला सांगायचं नाही.

तोंडात काय येतं यालाही जपावं लागतं. "फार लाड केलेस", "मोबाईलनं बिघडली", "देवाची मर्जी" हे सोडून द्या. त्याऐवजी विचारा, "आज तू जेवलीस का?", "रात्री झोप झाली का?", "दवाखान्याला सोबत येऊ का?" सुचलंच नाही तर गप्प बसा. धुणं टाका, गोठा बघा. तीही सोबतच आहे.

बापाला विसरू नका. पुरुष माणूस बोलत नाही, रानात जाऊन बसतो नाहीतर गुत्त्याची वाट धरतो. आमच्यातल्या एकीचे मालक आता ताईच्या मालकांना बाजाराच्या दिवशी चहाला घेऊन जातात. गप्पा पावसाच्या होतात, पण मधे एखादं वाक्य मुलीचं येतं.

गटानं पैशाचं काय करायचं?

अंतर्गत कर्जाचा हप्ता ठराव करून पुढं ढकलता येतो. ठरावात "घरातील आजारपण" एवढंच लिहा, आजाराचं नाव नको. बँकेचा हप्ता मात्र चुकवू नका, तेवढ्यापुरतं गटानं सांभाळावं. गाडीभाड्यासाठी छोटं अडचणीचं कर्ज लगेच द्या. उपचाराला आधी सरकारी दवाखान्यात विचारा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. कुठल्या वारी, किती वाजता, हे आशाताईंकडून आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

आज काय आहे?

मुलगी आता कॉलेजला जाते. गोळ्या चालू आहेत. काही आठवडे चांगले जातात, काही वाईट. सगळं संपलं असं ताई म्हणत नाही, पण वाईट आठवड्यात फोन कुणाला करायचा हे तिला माहीत आहे. मागच्या महिन्यात ती स्वतःच एका नव्या घरी जाऊन उंबऱ्यात बसून आली.

तिचा दंड आम्ही परत केला. नियमातही एक ओळ वाढवली : *सभासद सलग दोन बैठकांना आली नाही, तर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जाऊन यावे. जाताना वही नेऊ नये.*

बैठकीत बोलायला प्रश्न

1. गेल्या सहा महिन्यांत आपल्या गटातून कोण गळलं? आपण कारण विचारलं का?
2. आपल्या गावात फवारणीची औषधं कुठं ठेवतात? कुलूप कुणाकुणाच्या घरी आहे?
3. वाचलेली ही ओळ आपल्या नियमात घालायची का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर आजच ठराव लिहा. पुढच्या बैठकीवर ढकलू नका.