कार्यालयाचा लॅपटॉप, ईमेल आणि आपल्याकडे सोपवलेली कागदपत्रे



या अंकाच्या अभ्यासाचा विषय तुम्हांला जरा कोरडा वाटेल. पण जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या लॅपटॉपमध्ये काय काय असते, ते आधी डोळ्यांपुढे आणा. भिलाला, कोरकू, निहाल कुटुंबांच्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती, आधार कार्डे, बँक पासबुकाची पहिली पाने, वनहक्क दाव्यांची कागदपत्रे, वसतिगृहातील मुलांची यादी फोटोंसह. कुठे सिकलसेल तपासणीचे निकालही असतात. एखाद्या मुलीचा असा निकाल गावभर झाला तर तिच्या लग्नाचे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. त्या कुटुंबांनी हे कागद आपल्या हाती विश्वासाने दिलेले आहेत. म्हणून हा विषय एकट्या संगणकवाल्या मुलाचा नाही, विश्वस्त आणि खजिनदारांचाही आहे.

मोठ्या संस्थांनाही हा फटका बसतो. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, जुनी आणि नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी, बँकांना सुट्टी असताना तिच्या एटीएमच्या यंत्रणेवर हल्ला झाला. पैसे काढू द्यायचे की नाही हे विचारणारा प्रश्न बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोहोचूच नये आणि मधल्यामध्ये खोट्या यंत्रणेने ‘हो’ म्हणावे, अशी ती व्यवस्था होती. बनावट कार्डांनी २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ती सगळी पैसे काढणारी खालची माणसे होती. यातली सुट्टीची गोष्ट लक्षात ठेवा. नाताळच्या आठवड्यात आपलीही कार्यालये बंद असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे’ असे बहुतेक जण सांगतात. मग मी विचारते, त्याची मुदत कधी संपली? नव्या लॅपटॉपबरोबर एखादे अँटिव्हायरस काही दिवसांसाठी फुकट येते. मुदत संपते, चिन्ह तसेच दिसत राहते, पण नव्या धोक्यांची माहिती त्याला मिळेनाशी होते. पैसे भरून चालू ठेवायचे असेल तर जरूर ठेवा. आपल्या पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील अनेकांकडे असते. ते जमत नसेल तर मुदत संपलेले काढून टाका. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर मुळातच असते आणि लहान कार्यालयाला ते पुरते. मात्र दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. ती एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि लॅपटॉप रडतखडत चालतो.

डिफेंडरमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तीन ठिकाणी पाहा. सतत पहारा देणारे ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू हवे. ‘टँपर प्रोटेक्शन’ही चालू हवे, म्हणजे एखादे घातक सॉफ्टवेअर पहारेकऱ्यालाच झोपवू शकत नाही. तिसरी जागा ‘एक्सक्लूजन्स’, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांची यादी. हिशेबाचे किंवा मराठी टायपिंगचे चोरीचे सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस पुष्कळदा तिथे एखादे फोल्डर घालून जातो, कारण नाहीतर त्याची वस्तू चालतच नाही. ही यादी शक्यतो रिकामी असावी. (चोरीचे सॉफ्टवेअर संस्थेच्या कामात मुळीच नसावे, यावर मी वेगळे लिहीत नाही.)

फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यासाठी तिथेच ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ नावाची सोय आहे. ती सुरुवातीला बंद असते. चालू केल्यावर अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरात बदल करता येत नाही. पहिले काही दिवस ती ओळखीच्या सॉफ्टवेअरलाही अडवते आणि मग कंटाळून लोक ती बंद करतात. तसे न करता त्या सॉफ्टवेअरला तेवढी परवानगी द्यावी.

रोजच्या वापराचे खाते ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ नसावे, साधे असावे. नवे काही बसवायचे तर दुसरा पासवर्ड लागेल. तो एका जबाबदार व्यक्तीकडे असू द्या.

आणि अपडेट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याने जगभरातील संगणक बंद पाडले, तेव्हा त्या भगदाडावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याच्या हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. त्या हल्ल्यानेही तेच भगदाड वापरले. आपली अडचण वेगळी आहे. डोंगरातल्या केंद्रावर रेंज नसते, लॅपटॉप आठवडाभर इंटरनेटशिवाय राहतो. म्हणून तो जळगाव जामोदला किंवा खामगावला आला की आधी अपडेट, मग काम, असा नियम केलेला बरा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, त्यावर निदान लाभार्थ्यांची कागदपत्रे आणि बँकेचे व्यवहार ठेवू नका.

आपल्या भागात रोग पसरवणारी खरी वस्तू म्हणजे पेनड्राईव्ह. दाखल्यांच्या प्रिंट काढायला तो ऑनलाईन सेंटरवर जातो आणि परत येतो तेव्हा फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. पेनड्राईव्ह लावला की उघडण्याआधी त्याच्यावर उजवी क्लिक करून स्कॅन करा. त्याहून बरे म्हणजे सेंटरसाठी एक वेगळा पेनड्राईव्ह ठेवा, ज्यात छापायच्या फाईलीखेरीज काहीच नसेल.

ईमेलचे काम थोडे निराळे. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आजच चालू करा; पासवर्ड चोरीला गेला तरी दुसऱ्या टप्प्यावर चोर अडतो. मात्र तो दुसरा टप्पा ज्या फोनवर येतो तो सोडून गेलेल्या कार्यकर्त्याचा नाही ना, हे पाहा. नंतर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ उघडून पाहा. आत शिरलेला चोर पासवर्ड बदलत नाही, गोंधळ करत नाही. तो तुमच्या टपालाची एक प्रत गुपचूप स्वतःकडे वळवतो आणि देणगीदारांची पत्रे वाचत बसतो. अशी अनोळखी नोंद दिसली तर ती काढा, पासवर्ड बदला आणि सर्व यंत्रांवरून खाते बाहेर काढा. पासवर्ड असलेली झिप फाईल आणि त्याच पत्रात तिचा पासवर्ड, असे आले तर उघडू नका. कुलूप असल्यामुळे तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येत नाही, आणि कुलूप त्यासाठीच लावलेले असते.

कार्यकर्त्यांच्या मोबाईलकडे आपण दुर्लक्ष करतो. २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. उघडली तर ते ‘एपीके’ निघाले आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी अॅप बसवण्याची परवानगी व्हॉट्सअॅपला दिलेली असेल तर ती काढून घ्या आणि प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र कोणतेही सॉफ्टवेअर अडवू शकत नाही. ‘आमचे खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात पाठवा’ असे साधे पत्र. त्यात व्हायरस नसतो. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे असते, पण पूर्ण पत्ता पाहिला तर इंग्रजी ‘एम’ च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवलेले असतात. वाचकहो, हे तुमच्यासाठीही आहे, कारण असे पत्र संस्थेच्या नावाने तुम्हांलाच येईल. जुन्या, आधीपासून लिहून ठेवलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. परदेशातील देणगीदारांना आणखी एक खूण सांगून ठेवावी. २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीपासून परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम येऊ शकते. दुसरा कोणताही खाते क्रमांक कळवणारे पत्र खोटे समजावे.

कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, पण प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर सॉफ्टवेअर तिलाही कुलूप लावते. आणि पैसे गेल्याचे कळताच, कोणाची चूक हे ठरवत बसण्याआधी, १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. हा नंबर टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा, कारण त्या वेळी लॅपटॉप उघडेलच असे नाही.