फळ पिकतें म्हणजे काय होतें?

विद्यार्थ्यांनो, आढींतला आंबा अंगठ्यानें हळूच दाबून पाहणें हें आपणां सर्वांस परिचित आहे. चार दिवसांपूर्वीं दगडासारखें असलेलें फळ आतां बोटाखालीं दबतें. साखर वाढली म्हणून तें मऊ झालें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो बरोबर नाहीं. रंग पालटणें, गोडी येणें आणि मऊ होणें या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. हरितद्रव्य नष्ट झाल्यानें साल पिवळी होते. पिष्टाची साखर झाल्यानें गोडी येते. मऊपणाचें कारण मात्र तिसरेंच आहे.

फळाचा गर असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो व प्रत्येक पेशीभोंवतीं एक भिंत असते. सेल्युलोजचे चिवट धागे हा त्या भिंतीचा सांगाडा होय. हेमिसेल्युलोज त्या धाग्यांस एकमेकांशीं जखडतें आणि पेक्टिन नांवाचें द्रव्य मधल्या जागा भरून काढतें. शेजारच्या दोन पेशींस जोडणारा थरही मुख्यत्वें पेक्टिनचाच असतो. तो विटांमधील गाऱ्यासारखा समजावा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यानें १८२५ सालीं ‘गोठणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या द्रव्यास हें नांव दिलें. कच्च्या फळांत पेक्टिनचे लांब रेणु कॅल्शियमच्या योगानें एकमेकांत बांधलेले असतात व ते पाण्यांत सहसा विरघळत नाहींत. म्हणूनच कैरी करकरीत लागते.

आंबा, केळें, पपई इत्यादि फळें पिकूं लागलीं कीं त्यांत इथिलीन नांवाचा वायु उत्पन्न होतो. फळें स्वतः हा वायु सोडतात, हें इंग्लंडांत रिचर्ड गेन यानें १९३४ सालीं सफरचंदांवरून सिद्ध केलें. आढींत पेंढ्याखालीं हाच वायु कोंडला जातो. त्याची सूचना मिळतांच पेशी निरनिराळीं विकरें तयार करतात. एक विकर पेक्टिनवरील मिथिल गट काढून टाकतें. दुसरीं त्या उघड्या साखळीचे तुकडे करतात. आणखी कांहीं हेमिसेल्युलोजची पकड सैल करतात. गारा विरघळला म्हणजे विटा सुटाव्या, तशा पेशी एकमेकींपासून सुटतात.

हें काम एकट्या विकराचें नव्हे. अमेरिकेंत १९९४ सालीं विक्रीस आलेल्या एका टोमॅटोंत पेक्टिन तोडणारें एक प्रमुख विकर आनुवंशिक उपायानें बहुतेक बंद केलें होतें. तरीही तो अपेक्षेइतका टणक राहिला नाहीं.

स्वयंपाकघरांतही याचा पडताळा मिळतो. पिकण्यास आलेल्या पण अद्याप टणक असलेल्या पेरूंची जेली उत्तम थिजते. अति पिकलेल्यांची थिजत नाहीं, कारण त्यांतील पेक्टिनचे रेणु तुटलेले असतात. कोहळ्याचा पेठा करतांना फोडी चुन्याच्या पाण्यांत भिजवितात. चुन्यांतील कॅल्शियम पेक्टिनला अधिक घट्ट बांधतें, म्हणून पाकांत शिजूनही फोडी मोडत नाहींत.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. कांहीं लोभी व्यापारी अपक्व आंबे कॅल्शियम कार्बाइडनें पिकवितात. ओलाव्यानें त्यांतून ॲसिटिलीन वायु निघतो व तो इथिलीनची नक्कल करतो. परंतु कोंवळ्या फळांत साखर होण्याजोगें पिष्ट पुरेसें साठलेलें नसतें. परिणामीं साल पिवळी आणि गर आंबट, अशी स्थिति होते. शिवाय बाजारी कार्बाइडांत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असतात. म्हणून आपल्या देशांत फळें पिकविण्यासाठीं त्याचा वापर कायद्यानें निषिद्ध आहे. इथिलीन वायु मात्र ठराविक प्रमाणांत वापरण्यास परवानगी आहे.

तेव्हां केवळ पिवळ्या रंगावर भुलूं नये. देठापाशीं वास घ्यावा, फळ हलकेंच दाबून पाहावें. रंग, गोडी आणि मऊपणा हीं तिन्ही जेथें एकत्र आलीं, तेंच फळ खरें पिकलें असें समजावें.