गुदद्वाराची चीर आणि तिचे इलाज

'डॉक्टरसाहेब, मला मूळव्याध आहे' या वाक्याने आरंभ होणारी पुष्कळ पत्रे या सदराकडे येतात. आणि त्यांतील वर्णन थोडे लक्षपूर्वक वाचले, की शौचाला बसताच चिरत जाणारी वेदना, तिच्यामागून तास-दोन तास रेंगाळणारी आग आणि मळाच्या कडेला उमटलेली लालभडक रक्ताची रेघ, एवढ्या तीन लक्षणांवरून कित्येकांच्या बाबतीत हा विकार गुदद्वाराच्या त्वचेला पडलेल्या चिरेचा, दवाखान्यात ज्याला 'फिशर' म्हणतात त्याचा असावा, असे अनुमान करता येते. मूळव्याधीतले रक्त बहुधा वेदनेवाचून पडते. चिरेत मात्र रक्त थोडे आणि यातना फार. औषधाच्या दुकानातून मूळव्याधीचे मलम आणून महिनोन्महिने लावीत राहणारे, आणि संकोचापायी घरच्या माणसालाही न सांगता जेवणच निम्म्यावर आणणारे रुग्ण मी नित्य पाहतो. त्यांची ही यातना बहुतांशी टाळण्याजोगी असते, या गोष्टीचे मला मनापासून दुःख होते.

गुदमार्गाभोवती दोन स्नायूंची कडी असतात. बाहेरचे कडे आपल्या इच्छेचा हुकूम मानते. आतले कडे मात्र स्वयंप्रेरणेने अहोरात्र आकुंचित राहते, आणि त्यावर आपल्या मनाचा अंमल चालत नाही. घट्ट मळाने, क्वचित सततच्या जुलाबाने किंवा बाळंतपणातील ताणाने त्वचा फाटली, की वेदनेच्या प्रतिक्रियेने हे आतले कडे अधिकच आवळले जाते. त्यामुळे मुळातच जेथे रक्तपुरवठा तुटपुंजा आहे अशा मागच्या मध्यरेषेवरील त्वचेला, आणि बहुतेक चिरा तेथेच पडतात, भरून येण्यापुरते रक्तही मिळेनासे होते. आणि दुखण्याच्या भीतीने रुग्णाने शौच रोखून धरले, की कोरडा झालेला मळ दुसऱ्या दिवशी तीच जखम पुन्हा उघडतो. हे दुष्टचक्र ध्यानात आले, म्हणजे मलमापासून शस्त्रापर्यंत सर्व इलाजांचे मर्म एकच असल्याचे कळेल : मळ मऊ राखणे आणि ते आवळलेले कडे सैल करणे. प्रश्न उरतो तो कडे किती सैल करायचे आणि किती काळासाठी, एवढाच.

चीर सहा आठवड्यांच्या आतली असेल, तर सुमारे निम्म्या रुग्णांना केवळ आहार आणि शेक यांनी आराम पडतो. दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जावेत, अशी तजवीज करावी. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी, पालेभाजी, मोडाच्या कडधान्याची उसळ, पेरू यांनी ती सहज होते. न झाल्यास रात्री दोन चमचे इसबगोल घ्यावे, परंतु भरपूर पाण्याबरोबर, कारण पाण्यावाचून घेतलेले इसबगोल मलावरोध वाढवू शकते. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाणा व बटाटा यांवर लागोपाठ उपवास करणाऱ्यांनी या काळात उपवासाला फळांची जोड द्यावी, किंवा तूर्त उपवास स्थगित ठेवावा. शौचानंतर आणि रात्री निजताना, कंबरेखालचा भाग बुडेल अशा पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. त्यात जंतुनाशक औषध घालण्याचे कारण नाही, उलट त्याने त्वचा चुरचुरते. सोनामुखीची चूर्णे किंवा एरंडेल रोजच्या रोज घेऊन पातळ जुलाब करवून घेणे मला पसंत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने लॅक्ट्युलोजसारखे मळ मऊ करणारे औषध बरे.

सहा आठवडे उलटूनही चीर भरली नाही, तिच्या कडा जाड झाल्या, बाहेर त्वचेचा कोंब लोंबू लागला, म्हणजे ती जुनी झाली असे समजावे. या कोंबालाच लोक मूळव्याधीचा मोड समजतात. या अवस्थेत स्नायू सैल करणारे मलम हवे. ग्लिसरील ट्रायनायट्रेट हे त्यांतील जुने औषध गुणकारी खरे, पण त्याने पुष्कळांचे डोके ठणकते, आणि सिल्डेनाफिलच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्याने त्यास स्पर्शही करू नये, कारण रक्तदाब धोकादायक रीतीने उतरू शकतो. २ टक्के डिल्टियाझेमच्या मलमाने डोकेदुखी कमी होते, म्हणून मी प्रथम तेच देतो. हरभऱ्याएवढे मलम दिवसातून दोनदा गुदद्वाराच्या कडेवर व किंचित आत लावावे, आणि मुदत सहा ते आठ आठवड्यांची धरावी. दहा दिवसांत दुखणे थांबले म्हणून मलम सोडून देणे, हेच चीर उलटण्याचे नेहमीचे कारण. स्टेरॉइड मिसळलेली मलमे आपल्या मनाने दीर्घकाळ लावू नयेत. त्यांनी तेथील त्वचा पातळ होते.

मलमाचा उपयोग न झालेल्या, पण शस्त्रक्रिया ज्यांना जपूनच करावी लागेल अशा रुग्णांसाठी बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेचे इंजेक्शन स्नायूत देण्याची पद्धती १९९३ च्या सुमारास पुढे आली. तिचा अंमल सुमारे तीन महिने टिकतो, तेवढ्या अवधीत बहुतेकांची चीर भरते. पण इलाज महाग आहे आणि चीर उलटण्याचा संभवही राहतो.

आता शस्त्रक्रियेविषयी, जिचे नाव काढताच बहुतेकांची छाती दडपते. दक्षिण आफ्रिकेतील शल्यविशारद आयझेनहॅमर यांनी १९५१ साली आतला स्नायू अंशतः छेदण्याची कल्पना पुरस्कारिली; परंतु आरंभी हा छेद मागच्या बाजूस, चिरेच्याच तळाशी घेतला जाई, आणि तेथे कायमची खाच राहून मळ झिरपण्याची तक्रार उद्भवे. पुढे छेद कुशीच्या बाजूने घेण्याचा प्रघात पडला, आणि १९६९ साली नोटारस यांनी अगदी लहानशा छिद्रातून तो करण्याची रीत दाखविली. हीच शस्त्रक्रिया आजही प्रमाण मानली जाते. भूल देऊन थोडक्या मिनिटांत ती आटोपते, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो, आणि शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांची चीर भरून येते; वर्षानुवर्षे शौचाचा धसका घेतलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच 'जुने दुखणे गेले' असे सांगतो, तेव्हा या शास्त्राविषयी कृतज्ञता वाटते. मात्र छेदलेला स्नायू पुन्हा जोडून पूर्ववत होत नाही. काही रुग्णांना वायूवर पूर्ण ताबा राहत नाही, क्वचित वस्त्राला डाग पडतो; यातले पुष्कळसे काही आठवड्यांत सुधारते, थोड्यांत टिकून राहते. म्हणून छेद चिरेच्या लांबीपुरताच घ्यावा, असा आता कल आहे. स्त्रियांत हा स्नायू आखूड असतो. शिवाय बाळंतपणात तो फाटलेला असू शकतो, आणि प्रसूतीनंतरच्या चिरेत कडे पुष्कळदा आवळलेले नसतेच. तेथे तो छेदणे अनुचित. शेजारची निरोगी त्वचा सरकवून चीर झाकण्याची शस्त्रक्रिया अशांसाठी योग्य ठरते.

भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणण्याची जुनी रीत अजूनही काही ठिकाणी सुचविली जाते. ताणताना स्नायू कोठे आणि किती फाटेल यावर शल्यविशारदाचा ताबा राहत नाही, आणि पुढे मळावरचे नियंत्रण गेल्याचे दाखले आहेत. सबब ती स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्याकडेच्या फलकांवर 'एका इंजेक्शनात मूळव्याध, फिशर, भगंदर गायब' अशी हमी देणाऱ्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. लेझरच्या जाहिरातींचा मोह पडल्यास एवढेच विचारावे, की त्या किरणांनी नेमके काय कापले किंवा जाळले जाणार आहे, आणि आतल्या स्नायूचे काय होणार आहे. उत्तर मोघम आले, तर दुसऱ्या शल्यविशारदाचे मत घ्यावे.

चीर मध्यरेषेऐवजी बाजूला असेल, एकाहून अधिक असतील, किंवा मुळीच दुखत नसेल, तर क्षयरोग, आतड्याचा क्रोन नावाचा दाह, उपदंश, कर्करोग यांचा तपास आधी व्हावा. वजन घटणे, मळात मिसळलेले काळपट रक्त किंवा चाळिशीनंतर अकस्मात बदललेली शौचाची सवय, यांपैकी काही असल्यास मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यात दिरंगाई नको. तपासणीच्या धाकाने मात्र कोणी दूर राहू नये. बहुधा नितंब हळुवार बाजूला सारून पाहिल्यानेच चीर दिसते. दुखणे तीव्र असता आत बोट घालण्याची तपासणी पुढे ढकलण्याची मुभा रुग्णाला आहे, आणि ती त्याने निःसंकोच मागावी.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पूर्वीच्या प्रसूतीची, गुदभागावरील जुन्या शस्त्रक्रियांची आणि वायू रोखण्यात आताच काही अडचण असल्यास तिची माहिती शल्यविशारदाला आपण होऊन द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात. घरी आल्यावर कोमट पाण्याचा शेक आणि इसबगोल काही आठवडे चालूच ठेवावे. थोडा स्राव होणे स्वाभाविक आहे. पण ताप चढला, सूज वाढत जाऊन ठणका लागला, लघवी अडली किंवा रक्त थांबेना, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.