त्रिकोणाचा रंग कोणता?

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत मी पहिली ते चौथीला शिकवते. शाळा दोनशिक्षकी. चित्रकलेला वेगळा शिक्षक नाही. प्राथमिक शाळेत चित्रकला म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड, असं ठरूनच गेलेलं असतं. आमच्या लेकरांच्या रोजच्या वाटेवर यातलं नारळाचं झाड तर नाहीच.

इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आधुनिक चित्रकारांनी रेषा म्हणजे काय, तोल कशानं राहतो, रंग नेमका कुठं तयार होतो, वस्तूतून काय काय काढून टाकलं तरी ती ओळखू येते, असे प्रश्न हाती घेतले. पहिली ते चौथीचं गणित आणि विज्ञान याच प्रश्नांपासून सुरू होतं. म्हणून हे चित्रकार मोठ्यांना अवघड वाटले तरी सहा-सात वर्षांच्या मुलांना वाटत नाहीत. चित्र 'कशासारखं तरी' दिसलंच पाहिजे, ही अट त्यांच्या मनात अजून बसलेली नसते. त्या वयातच ही चित्रं त्यांच्यापुढे ठेवली पाहिजेत. त्यातून हाती आलेलं थोडं इथं मांडते.

१. झाडातून एकेक गोष्ट कमी करत जावं

पीट मोंद्रियान या डच चित्रकारानं झाडाचीच अनेक चित्रं काढली. १९०८ ते १९१० मधलं लाल झाड, १९११ चं करडं झाड, १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड. ही चित्रं मी रंगीत प्रिंट काढून भिंतीवर ओळीनं लावते आणि शेवटी त्याचंच १९३० चं लाल, निळ्या, पिवळ्या चौकटींचं चित्र. चित्रकाराचं नाव, देश काही सांगत नाही. एवढंच विचारते, "पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय कमी झालं?" पानं गेली, बुंध्याचा रंग गेला, फांद्यांच्या कमानी झाल्या, मग कमानीही गेल्या, असं मुलं बरोबर सांगत जातात.

मग शाळेमागची बाभूळ. तिचं चित्र प्रत्येकानं चार वेळा काढायचं आणि दर वेळी एक गोष्ट सोडायची. काय सोडायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. काटे शेवटपर्यंत कुणीच सोडत नाही, कारण काटा गेला की बाभूळ राहत नाही. झाड वेगळं कशामुळं ठरतं याचा विज्ञानातला पाठ इथं आपसूक होतो.

लगेच त्याच भिंतीवर पाच बैल, पाच खडे, पाच रेघा आणि ५ हा अंक असे चार कागद लावते. दुसरीतल्या एका मुलानं बराच वेळ पाहून विचारलं, "मॅडम, मंग ह्या पाचामधून बैल कुठं गेले?" संख्या म्हणजे काय, याबद्दल इतका थेट प्रश्न मी कुठल्या प्रशिक्षणातही ऐकला नव्हता. बाभळीची पानं जिथं गेली तिथंच बैलही गेले, हे त्याला पुढच्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही.

२. रंग विचारला की आकडे येतात

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येते. तिचा मी फायदा घेते. जर्मनीतल्या वायमार गावी १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा निघाली आणि १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बंद पडली. पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की तिथं शिकवायचे. कँडिन्स्कीनं १९२३ मध्ये तिथल्या लोकांना एक कागद भरायला दिला: त्रिकोण, चौरस आणि वर्तुळ यांना पिवळा, लाल, निळा यांपैकी कोणता रंग द्याल, आणि का? त्याचं स्वतःचं उत्तर होतं: त्रिकोण पिवळा, चौरस लाल, वर्तुळ निळं.

तोच कागद मी तिसरी-चौथीला देते. उत्तरं ताळ्याच्या खुणांनी फळ्यावर मोजायची, मग चौकटीच्या कागदावर रंगीत खांब काढायचे. आमच्याकडं वर्तुळ बहुतेकदा लाल निघतं. कारण विचारलं की कुंकू, सूर्य, टिकली अशी उत्तरं येतात. त्रिकोणावर मात्र कधी एकमत होत नाही. मग मुलं आपणहून घरच्या माणसांना विचारून येतात, आईचं वेगळं, आजोबांचं वेगळं लिहून आणतात आणि खांब नव्यानं काढावे लागतात. माहितीचं वर्गीकरण शिकवायला पाठ्यपुस्तकात आवडत्या फळांचं उदाहरण असतं. त्यात वाद होत नाही आणि वाद नसला की कुणी दुसऱ्यांदा मोजत नाही.

३. बिंदूला खिळा ठोकावा

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. लहानपणी त्यांचं लक्ष एका जागी ठरत नसे. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडं बघत बसायला सांगितलं. पुढं त्यांच्या चित्रांतला तो काळा बिंदू जगभर गाजला. प्राथमिक शिक्षकाला याहून अभिमानाची गोष्ट कोणती असेल!

अंगणात एक खिळा ठोकायचा, सुतळीला खडू बांधायचा आणि फिरायचं. बिंदू एकच, सुतळीची लांबी बदलेल तसं वर्तुळ लहानमोठं. मग घरून आणलेला तवा, परात, बांगडी, बादली. कडेनं सुतळी गुंडाळायची आणि तीच सुतळी मधोमध आडवी लावून बघायची. तीनदा बसते आणि थोडी उरते. बांगडीलाही तीनदा आणि थोडी, परातीलाही तीनदा आणि थोडी. 'पाय' (π) हे नाव चौथीला काढायचं कारण नाही. 'थोडी उरते' एवढं हातांना माहीत झालं की पुढं मोठ्या वर्गात ते नाव परकं वाटत नाही.

४. काळ्या रानाएवढा मोठा चित्रफलक दुसरा नाही

आमची जमीन काळी, भारी. ओली झाली की फुगते, उन्हात वाळली की आकसते. एप्रिल-मे मध्ये तिला अशा भेगा पडतात की पऱ्हाटीची काडी आत हातभर जाते. वरची माती त्या भेगांत पडते, खालची वर येते. काळं रान स्वतःच स्वतःला नांगरतं, असं म्हणतात ते यामुळंच.

आल्बेर्तो बुर्री हा इटालियन चित्रकार मुळात डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युद्धकैदी असताना त्यानं चित्रं काढायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात त्यानं पांढरी माती, जस्ताचा रंग आणि गोंद यांचा जाड थर फळीवर देऊन तो वाळू दिला. वाळताना पडणाऱ्या भेगा हेच त्याचं चित्र. ही चित्रं मोबाईलवर दाखवली तेव्हा वर्गातून एकच आवाज आला, "हे तं आमचं वावर हाय!" या चित्रकाराची ओळख करून द्यायला मला दुसरं काही बोलावं लागलं नाही.

नंतर ताटल्यांत प्रयोग. काळी माती चाळून, कालवून तीन ताटल्यांत घालायची: एकीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढा थर, दुसरीत पेरभर, तिसरीत दोन पेरं. चौथ्या ताटलीत माती आणि वाळू निम्मी-निम्मी. रोज बघायचं आणि काढायचं. थर जितका जाड तितके भेगांमधले तुकडे मोठे, हे मुलांना न सांगता दिसतं. वाळूच्या ताटलीत भेगा कमी पडतात, कारण वाळू आकसत नाही. खालून माती ताटलीला चिकटलेली आणि वरून आकसायला निघालेली, मग तिनं फाटायचं नाही तर काय करायचं, हे स्पष्टीकरण चौथीतल्या मुलीचं आहे आणि मला त्यात एक शब्दही बदलावासा वाटत नाही.

आता कोन. वहीचा कोपरा काटकोन, तो भेगेवर ठेवून बघायचं. ताज्या ताटलीत नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. तीच माती पुन्हा भिजवली, वाळवली, पुन्हा भिजवली, तर हळूहळू तीन भेगा एका ठिकाणी सारख्या कोनात भेटू लागतात. काटकोन मोठा होत विशालकोनाकडं जातो. याला फार चिकाटी लागते. पण ज्यांनी ती दाखवली, त्यांनी कोन हा शब्द परत घोकला नाही.

बुर्रीची आणखी एक गोष्ट मी चौथीला सांगते. सिसिलीतलं जिबेलिना गाव जानेवारी १९६८ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. गाव दुसरीकडं वसवलं गेलं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर बुर्रीनं १९८४ पासून सुमारे दीड मीटर उंच काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले. मधल्या भेगा म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्या, त्यातून माणूस चालू शकतो. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपाची आठवण आमच्या मुलांना आजी-आजोबांकडून मिळालेली असते. भूकंप का होतो हा प्रश्न त्या दिवशी पुस्तकातून येत नाही, तो घरातून येतो, आणि त्याला उत्तर देताना मी घाई करत नाही.

एक व्यवहाराची सूचना: भेगांचे फोटो आणि मोजमापं उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधीच घ्यावीत. जूनमध्ये शाळा भरेपर्यंत मृगाचा पाऊस झाला तर वावरात काहीच उरत नाही.

५. साहित्य धांड्याचं असावं

तारा‌बाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्या आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांच्या जागी आजूबाजूला फुकट मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. त्या वाटेनं गेलं की जिल्हा परिषदेच्या शाळेला काही कमी पडत नाही. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आमच्या लेकरांचे बाप-आजे करायचेच.

अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकी शिल्पकार आधी यंत्र-अभियंता झाला होता. १९३० च्या दशकात त्यानं तारा आणि पत्र्याच्या चकत्या छताला टांगून, वाऱ्यानं हलणारी शिल्पं केली. आम्ही ती धांड्यांची करतो. धांड्याच्या एका टोकाला दहा चिंचोक्यांची पुडी, दुसऱ्या टोकाला वीस चिंचोक्यांची. मधला दोरा सरकवत तोल साधायचा, मग पट्टीनं दोन्हीकडची अंतरं मोजायची आणि गुणाकार करायचे. दहा गुणिले वीस, वीस गुणिले दहा. तरफेचा नियम फळ्यावर लिहायच्या आधी हाताला लागतो.

गुणाकार तंतोतंत जुळत नाहीत. तिथंच खरा तास सुरू होतो. एका मुलीनं धांडा हातात घेऊन सांगितलं की बुडखा जाड आहे आणि शेंडा बारीक, म्हणजे धांड्याचंही वजन मोजायला पाहिजे. मग मुलांनी नुसता धांडा दोऱ्यावर तोलून त्याचा मध्य शोधला. तो पट्टीनं काढलेल्या मध्यावर नव्हता. विकतच्या एकसारख्या काड्या वापरल्या असत्या तर हा प्रश्न आलाच नसता.

६. पाण्याचा थेंब आणि मोबाईल

जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकारानं १८८४ ते १८८६ मध्ये नदीकाठच्या रविवारचं एक मोठं चित्र नुसत्या रंगीत ठिपक्यांनी काढलं. ठिपके कॅनव्हासवर सुटे, मिसळतात ते बघणाऱ्याच्या डोळ्यात. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब टाकून बघा: लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात, पांढरं कुठंच नसतं. त्यानंतर पुठ्ठ्याच्या भिंगरीवर निळा-पिवळा रंगवून ती फिरवायची. मुलं हिरव्याची वाट बघतात आणि राखाडीसारखं काहीतरी येतं. वाटीत तेच दोन रंग कालवले तर हिरवा. असं का, यावर चौथीचा वर्ग आठवडाभर बोलू शकतो.

७. तांड्यावरच्या आजीला बोलवावं

आमच्या शाळेत बंजारा तांड्यावरून येणारी मुलं आहेत. घरी गोरमाटी, शाळेत मराठी. गणिताच्या तासाला ती गप्प बसायची. एकीची आजी आपला जुना फेटिया (घागरा) घेऊन आली. कापडावर एकही रेघ न आखता, दोरे मोजून टाकलेले चौकोन, त्रिकोण आणि मध्ये बसवलेल्या काचा. घडी घातली की अर्धं अर्ध्यावर बसतं. सममितीचा अक्ष दाखवायला माझ्याकडं याहून चांगलं साधन नव्हतं. काचांचे कवडसे भिंतीवर पडले, मुलांनी ते खडूनं टिपले आणि कापड हलवून पुन्हा टिपले. आजी गोरमाटीत सांगत होती, नात मराठीत. त्या दिवसापासून ती मुलगी गणिताच्या तासाला गप्प बसलेली मला आठवत नाही.

८. चित्रानं सगळं होत नाही

पाढे पाठच करावे लागतात. हातच्याची वजाबाकी वहीतच गिरवावी लागते. "लेकरं नुस्ती चित्रंच काढायलीत का?" असं पालक विचारतात तेव्हा त्यांना वही दाखवावी, चित्र दाखवू नये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला इतर विषयांशी जोडायला सांगितलं आहे, पण बापाला धोरणाचं काय! त्याला आपल्या लेकराचा गुणाकार बरोबर आलेला हवा असतो. ते त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

९. ऊसतोडीहून आलेल्या मुलांसाठी धडा राखून ठेवावा

दिवाळी झाली की वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पुस्तक तोवर खूप पुढं गेलेलं असतं. चित्राच्या भिंतीला मागचं-पुढचं फारसं नसतं, म्हणून ती तिथून आत येऊ शकतात.

तरफेचा आणि तोलाचा धडा मी आता मुद्दाम ती मुलं परतल्यावर घेते. उसाची मोळी डोक्यावर कुठं धरली तर पुढं झुकते, कुठं धरली तर मागं ओढते, वाढ्याकडची बाजू हलकी म्हणून हात बुडख्याकडं कसा सरकवावा लागतो, हे त्यांना माहीत असतं. या वयात ते माहीत असायला नको होतं, आणि हे मला दर वर्षी टोचतं. पण माहीत आहे, तर त्याचा मान शाळेत झाला पाहिजे. एक मुलगा परतल्यावर दोन दिवस मागच्या बाकावर बसून होता. धांड्याचा तोल कुणालाच साधेना तेव्हा उठला, बोटानं धांडा एकदा तोलला आणि दोऱ्याची गाठ बुडख्याकडं सरकवली. "कामून तिकडं?" मुलांनी विचारलं. त्यानं मोळीचं सांगायला सुरुवात केली आणि मी त्याच्या हातात खडू देऊन खाली बसले.