हुंडीची पेढी आणि विणकराचे खाते
वाराणसीच्या अनुभवातून आर्थिक समावेशनाचा एक पाठ

रेल्वे येण्यापूर्वी महाराष्ट्रातून काशीयात्रेस निघणारा सधन यात्रेकरू वाटमारीच्या भयाने सारी रोकड जवळ बाळगीत नसे. आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरून तो काशीच्या पेढीवरील हुंडी घेई. दर्शनी हुंडी दाखविताच वटे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या मुदतीनंतर मिळत आणि मुदतीपूर्वी हवे असल्यास बट्टा सोसावा लागे. रोकड न हलविता पैसा पोहोचविण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. परंतु ती ज्याची पत होती त्याच्यापुरतीच मर्यादित राहिली. ज्याला पत नाही त्याच्यापर्यंत ही सोय नेणे, म्हणजेच आर्थिक समावेशन होय.

खाते : पहिली पायरी

२५ जानेवारी २००६ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. पुढे हाच प्रतिनिधी ‘बँक मित्र’ म्हणून गावोगावी परिचित झाला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जन धन योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यातील खात्यांची संख्या ५० कोटींच्या पुढे गेली. २०१६ मध्ये यूपीआय आले. मार्च २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली.

तथापि, जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातील ७८ टक्के प्रौढांकडे खाते असल्याचे आढळले, तरी खातेदारांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी वर्षभरात त्यावर एकही व्यवहार केलेला नव्हता. खाते उघडले, पण उत्पन्न त्यात आले नाही. असे का होते, याचे उत्तर वाराणसीच्या विणकर वस्तीत सापडते.

मदनपुऱ्यातील चेक

मदनपुरा, अलईपुरा, लोहता या भागांत बनारसी साडी विणली जाते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. अनेक विणकर स्वतः माल विकत नाहीत. रेशीम देणारा आणि तयार साडी घेणारा व्यापारी, म्हणजे गद्दीदार, त्यांची मजुरी ठरवितो. ही मजुरी पुढील तारखेच्या चेकने देण्याची आणि घरखर्चासाठी विणकराने तो चेक बट्ट्याने मोडून घेण्याची पद्धत या व्यवसायाविषयीच्या अभ्यासांत नोंदलेली आहे. समजा, ५,००० रुपयांच्या चेकवर शेकडा ४ बट्टा पडला, तर २०० रुपये हातात येण्यापूर्वीच गेले. शिवाय हा चेक विणकराच्या खात्यातून न जाता परस्पर दुसऱ्याच्या हाती गेल्याने त्याच्या कमाईची नोंद कोठेही राहत नाही. पुढे तोच विणकर कर्जासाठी शाखेत आला की त्याच्या पासबुकात दाखविण्यासारखे काही नसते. विणकर मुद्रा योजनेत ६ टक्के व्याजाने कर्जाची तरतूद करण्यात आली. पण कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला परतफेडीची क्षमता कशावरून तरी पारखावी लागतेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. विणकराकडे खाते आहे, बहुधा फोनही आहे. अडते ते उधारीच्या मुदतीपाशी. गद्दीदारालाही दूरच्या खरेदीदाराकडून पैसे उशिरा मिळतात आणि त्या विलंबाचा भार साखळीतील सर्वांत दुर्बळ दुव्यावर पडतो. नुसत्या तंत्रज्ञानाने हा भार हलका होत नाही. मात्र गद्दीदार हा बँकेचा जुना ग्राहक असतो. त्याच्या खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरविताना विणकरांची मजुरी वेळेवर व थेट खात्यात जमा करण्याचा आग्रह शाखेने धरला, तर बट्टा वाचतो आणि विणकराची पतही उभी राहू लागते.

विश्वासाचा आधार

काशीची हुंडी वटत असे, कारण कागदामागे पेढीचे नाव उभे असे. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाईल सेवाही कोपऱ्यावरच्या दुकानदार प्रतिनिधींच्या बळावर रुजली. आपल्याकडे बँक मित्राच्या कृत्यांची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याला नेमणाऱ्या बँकेवर असते. ग्राहकाकडून परस्पर शुल्क घेण्याचा त्याला अधिकार नाही. प्रत्येक खातेदाराला हे ठाऊक असावयास हवे.

ग्राहकांनी पुढील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. अंगठा यंत्रावर ठेवण्यापूर्वी रक्कम विचारावी व व्यवहारानंतर पावती घ्यावी. ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा’ असे सांगितल्यास आधी शिल्लक तपासावी.

२. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन मागितला गेला, तर पैसे जाणार आहेत असे समजावे.

३. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न करता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

कर्मचाऱ्यांसाठी धडा याहून थोडा अवघड आहे. किती खाती उघडली, हा आकडा अहवालात सहज भरता येतो. त्यांपैकी किती खात्यांत श्रमाची कमाई नियमित येते, हे मात्र पासबुक उघडून पाहावे लागते. ज्या दिवशी मदनपुऱ्यातील विणकर बट्टा न देता आपली मजुरी पूर्ण मोजून घेईल, त्या दिवशी त्याचे खाते खऱ्या अर्थाने उघडले असे म्हणता येईल.