पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त : मीरां चढ्ढा-बोरवणकर यांचं चरित्र वर्गात शिकवताना



२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज प्रदान केला. म्हणून दरवर्षी २ जानेवारीला पोलीस स्थापना दिन, म्हणजे आपण ज्याला सरळ ‘रेझिंग डे’ म्हणतो तो, साजरा होतो आणि पुढचा आठवडाभर शाळांना पोलीस ठाण्याची सहल घडते. मुलांना बंदूक दाखवतात, वायरलेस ऐकवतात, रिकामी कोठडी दाखवतात. परत आल्यावर निबंध लिहायला सांगा, दहापैकी आठ वह्यांत बंदूकच असते! त्यात मुलांचा काय दोष, त्यांना दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं. पण पोलीस अधिकाऱ्याचं खरं काम कोठडीत किंवा बंदुकीत दिसत नाही. ते एखाद्या माणसाच्या कारकिर्दीतून जास्त चांगलं कळतं. त्यासाठी आज एक चरित्र घेऊ या, आपल्या पुण्याशी जोडलेलं.

मीरां चढ्ढा-बोरवणकर मूळच्या पंजाबमधल्या फाजिल्का या सीमेवरच्या गावच्या. वडील सीमा सुरक्षा दलात. जालंधरच्या डीएव्ही महाविद्यालयात त्या शिकल्या, इंग्रजी हा त्यांचा विषय. किरण बेदी १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झाल्या होत्या, त्यामुळे मुलीही या सेवेत जाऊ शकतात हे त्या काळच्या विद्यार्थिनींना नुकतंच दिसू लागलं होतं. बोरवणकर १९८१ च्या तुकडीच्या अधिकारी. त्यांना महाराष्ट्र केडर मिळालं.

भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबायला हवं. केडर मिळालं म्हणजे त्या राज्याची भाषा आली पाहिजे, तिची परीक्षा द्यावी लागते. पण ठाण्यातली मराठी पाठ्यपुस्तकात असते का? फिर्याद, जबाब, पंचनामा, नाकाबंदी, तडीपारी, अदखलपात्र, मुद्देमाल... फाजिल्काहून आलेल्या तरुण मुलीने हे शब्द शिकायचे, आणि पुन्हा साताऱ्याच्या एखाद्या आजीबाईंची तक्रार त्यांच्या बोलीत समजून घ्यायची! हे शब्द वर्गात फळ्यावर लिहा आणि मुलांना त्यांचे दोन गट करायला सांगा. फिर्याद, जबाब, हवालदार हे फारसी-अरबीतून मराठीत मुरलेले. आयुक्त, अधीक्षक, निरीक्षक हे संस्कृतातून घडवलेले. खालची पदं बहुतेक जुनी, वरची पदं नव्याने मराठी केलेली. हे मुलांच्या ध्यानात आपोआप येतं, सांगावं लागत नाही.

पदांचं सांगायचं तर मुलांना आणि खरं म्हणजे आपल्यालाही एक गोष्ट नीट माहीत नसते. जिल्ह्याच्या पोलिसांचा प्रमुख असतो पोलीस अधीक्षक, आणि मोठ्या शहरात असतो पोलीस आयुक्त. फरक फक्त नावाचा नाही. आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्ताला दंडाधिकाऱ्याचेही काही अधिकार असतात. जमावबंदीचा हुकूम, गुंडाला तडीपार करणं, शस्त्र परवाना अशा बाबी इतरत्र महसूल अधिकाऱ्यांकडे असतात, इथे त्या आयुक्तालयाच्याच हाती येतात. म्हणजे एकाच टेबलावर बरीच सत्ता गोळा होते. पुण्यात हे आयुक्तालय १९६५ मध्ये सुरू झालं.

त्याआधीच्या पुण्यात कोतवाल असायचा. पेशवाईतल्या घाशीराम कोतवालाचं नाव तेंडुलकरांच्या नाटकामुळे आपल्याला माहीत आहे. पण नाटक बाजूला ठेवलं तरी इतिहास बोलका आहे. त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये चिडलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. शहराच्या पोलीसप्रमुखाला कुणी जाब विचारत नसेल तर काय होतं, याचं उदाहरण पुण्याला दूर शोधायला जावं लागत नाही. (आठवीच्या खाली हा प्रसंग सांगू नये असं माझं मत.)

आता पुन्हा बोरवणकरांकडे. मुंबईत पोलीस उपायुक्त, औरंगाबाद आणि सातारा जिल्ह्यांच्या अधीक्षक, राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, सीबीआय, मुंबई गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख, आणि २०१० मध्ये पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त. मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अभ्यासही केला. ही यादी मुलांना पाठ करायला लावू नका. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘पुण्याच्या पहिल्या महिला आयुक्त कोण?’ असा एक गुणाचा प्रश्न असतो, आणि त्या एका गुणात सगळं आयुष्य संपतं. ‘पहिली महिला’ हे खरं आहे, महत्त्वाचंही आहे, पण ती त्यांची नेमणूक झाली. त्या खुर्चीवर बसून त्यांनी काय केलं हे त्यात कुठे आहे?

त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते जळगावचं प्रकरण. १९९४ मध्ये ते उघडकीस आलं. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रं काढून, ती दाखवण्याची धमकी देत त्यांचं शोषण होत होतं. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि संशयाच्या घेऱ्यात गावातली वजनदार माणसं होती. बोरवणकर तेव्हा राज्य गुन्हे अन्वेषण विभागात होत्या आणि या तपासात होत्या. तपासात सर्वांत अवघड काय होतं? आरोपी शोधणं नव्हे. मुली बोलायलाच तयार नव्हत्या. घरच्यांनाही वाटत होतं की बोभाटा झाला तर लग्न कसं जमणार. त्यामुळे पुरावा उभा राहणं कठीण गेलं आणि अनेक आरोपी पुढे न्यायालयातून निर्दोष सुटले.

पालकहो, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून हे सोडून देऊ नका. आपल्या घरात काय चालतं ते आठवा. पोरगं जेवत नाही, “थांब, पोलिसाला बोलावते.” झोपत नाही, “तो बघ पोलीसमामा आला, पकडून नेईल.” तीन वर्षांच्या लेकराला आपण शिकवतो की पोलीस हा पकडून नेणारा बुवा आहे. तेच लेकरू तेरा वर्षांचं झाल्यावर, कुणी मोबाइलवर फोटो पाठवून धमकावायला लागलं, तर ते कुणाकडे जाणार? आईकडे जायला लाज वाटते आणि पोलिसांकडे जायला भीती. मधल्या मध्ये गप्प बसणं उरतं. जळगावच्या मुलींना जे गप्प बसणं महागात पडलं, त्याची शिकवण आपण नकळत जेवणाच्या ताटावर देतो.

म्हणून या पाठाला जोडून मुलांना कायदा सांगा, सोप्या शब्दांत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लहान मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असावं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे ऐकल्यावर मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण त्यांच्या डोक्यात ठाणं म्हणजे सिनेमातलं ठाणं असतं. १०९८ आणि ११२ हे दोन क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या.

पुण्यातल्या आयुक्तपदाच्या काळात असाही दिवस आला की ज्यात शौर्यकथा सापडत नाही. २५ जानेवारी २०१२ ला सकाळी स्वारगेट आगारातून एका एसटी चालकाने बस पळवली आणि ऐन गर्दीच्या रस्त्यांवर माणसांना, गाड्यांना चिरडत नेली. नऊ जणांचा जीव गेला. बस इतका वेळ शहरात कशी फिरत राहिली, पोलिसांना ती लवकर का अडवता आली नाही, हा प्रश्न सगळ्या पुण्याने विचारला. तो विचारला जाणारच. प्रमुख असण्याचा अर्थ असाही असतो की जी सकाळ आपण घडवलेली नाही तिचंही उत्तर आपल्याला द्यावं लागतं. शाळेत मुख्याध्यापक झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

आता एक नाजूक विषय. निवृत्तीनंतर, २०२३ मध्ये, त्यांचं ‘मॅडम कमिशनर’ हे इंग्रजी आत्मकथन आलं. त्यात येरवड्याच्या जमिनीची हकिकत आहे. त्या लिहितात की आयुक्तपदावर रुजू झाल्यावर पोलिसांच्या ताब्यातली तीन एकर जागा लिलावात यशस्वी ठरलेल्या खासगी व्यक्तीला द्यावी असं त्यांना जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांकडून सांगण्यात आलं. अशी मोक्याची जागा पोलिसांना पुन्हा मिळणार नाही, कार्यालयाला आणि कर्मचाऱ्यांच्या घरांना तिची गरज आहे, असं सांगून त्यांनी नकार दिला. पुस्तकात ‘दादा’ असा उल्लेख आहे. तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार यांनी हा आरोप फेटाळला.

वर्गात राजकारण नको म्हणून हा भाग गाळावा का? मला तसं वाटत नाही. नववी-दहावीत आपण आत्मचरित्र हा साहित्यप्रकार शिकवतो, पण तो कसा वाचावा हे क्वचितच शिकवतो. आत्मचरित्र ही एका माणसाची साक्ष असते. ती खोटी असं नाही, पण ती एका बाजूने दिलेली असते. समोरच्याचं म्हणणं काय, घटना आणि लेखन यांत किती वर्षं गेली, कागदपत्रं काय सांगतात, हे प्रश्न मुलांनी विचारायला शिकावं. निकाल लावणं हे आपल्या वर्गाचं काम नाही. शिवाय या हकिकतीत एक बारीक गोष्ट आहे. आयुक्ताची सत्ता आपण हुकूम काढण्यात मोजतो. इथे प्रश्न सही न करण्याचा आहे. कोरा राहिलेला कागद कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही.

पुण्यानंतर त्या कारागृह विभागाच्या प्रमुख झाल्या, त्याचं मुख्यालयही पुण्यातच. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात अजमल कसाबला फाशी देण्यात आली तेव्हा, आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपूरला याकूब मेमनला फाशी झाली तेव्हा, या खात्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. येरवड्याची तयारी इतकी गुप्त ठेवली होती की पुणेकरांना सगळं आटोपल्यावरच कळलं. लहान वर्गांना हे सांगण्याची गरज नाही. मोठ्या मुलांनी विचारलं तर मात्र टाळू नका. सूड आणि शिक्षा यांत फरक काय, हे विचारा. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला, दयेचा अर्ज, तो फेटाळला जाणं, ठरलेली वेळ, हजर राहणारे अधिकारी: हे टप्पे फळ्यावर मांडले की मुलं स्वतःच बोलू लागतात.

३० सप्टेंबर २०१७ ला त्या पोलीस संशोधन आणि विकास विभागाच्या महासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतर रश्मी शुक्ला पुण्याच्या आयुक्तपदावरून पुढे जाऊन जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या; सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आणखी एका गुणाची भर पडली!

यंदा ठाण्याच्या सहलीला जाण्याआधी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्या, आणि अट एकच घाला : प्रश्न बंदुकीविषयी नको. “रात्री एकटी मुलगी तक्रार द्यायला आली तर तिच्याशी कोण बोलतं?”, “तुम्हाला चुकीचं काम करायला कुणी सांगितलं तर काय करता?”, “मराठी न येणाऱ्याची फिर्याद कशी लिहिता?” असे. ही चिठ्ठी आधीच ठाणे अंमलदारांकडे पोचवा, म्हणजे त्यांनाही तयारी करता येईल.