पुढच्या फळीतल्या भाच्याला

कोल्हापूर

चि. बंड्या,

ताईचा सोलापूरहून फोन आला होता. उंची कमी म्हणून फुटबॉलच्या निवड चाचणीत तुला वगळलं, तेव्हापासून तू घुम्यासारखा बसतोस आणि डिप्लोमा सोडायचं म्हणतोस, असं ती सांगत होती. इंग्लंडच्या जेमी वार्डी या स्ट्रायकरचा दाखला दिलास म्हणे. दाखला खरा आहे. शेफील्ड वेन्सडे क्लबने त्यालाही सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं होतं. पुढे २०१६ मध्ये त्याच वार्डीच्या लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली. पण मधली वर्षं तू गाळलीस. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबात त्याला आठवड्याला ३० पौंड मिळत, आणि पोटासाठी तो कारखान्यात राबत होता.

बंड्या, वार्डी लाखात एक. तू बायचुंग भुतियाकडे बघ. १९९९ मध्ये तो इंग्लंडच्या बरी क्लबात गेला. तेव्हा बरी तिसऱ्या पायरीवरच्या विभागात खेळत होता. भारतातला नावाजलेला स्ट्रायकर, पण तिथे त्याला जागेसाठी झगडावं लागलं. तीन हंगाम, ३७ लीग सामने, ३ गोल. त्यात गुडघ्याची दुखापत, आणि क्लबही कर्जात बुडालेला. खालच्या लीगमधल्या फॉरवर्डचं आयुष्य बहुतेकदा असंच असतं: बाकावर बसणं, उपचार, एकेका वर्षाचा करार. तरी मी त्याला अपयश म्हणणार नाही. परतल्यावर तो वर्षानुवर्षं भारताचा कर्णधार राहिला आणि २००८ चा एएफसी चॅलेंज कप त्याच्याच नेतृत्वाखाली आपण जिंकला. बरी क्लबला मात्र २०१९ मध्ये इंग्लिश लीगमधून काढून टाकलं, १८८५ पासूनचा क्लब असूनही. क्लबच्या भरवशावर आयुष्य टाकू नये ते यासाठी.

जवळचं उदाहरण हवं तर आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघ. क्रीडा प्रबोधिनीतून तो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात सरावालाही गेला.

आता तुझ्या खेळाविषयी. गेल्या वेळी सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर तुला पाहिलं. चेंडू यायच्या आधी तू खांद्यावरून मागे बघतच नाहीस, त्यामुळे बचावपटू पाठीला चिकटला की गोंधळतोस. डाव्या पायाने फटका मारायची वेळ आली की वळून उजव्यावर घेतोस, तेवढ्यात संधी जाते. शिवाय क्रॉस आला की तू लांबच्या खांबाकडे उभा राहतोस. बुटक्या फॉरवर्डने जवळच्या खांबाकडे धाव घ्यावी, तिथे उंचीपेक्षा अर्ध्या पावलाची आघाडी कामी येते. उंची तुझ्या हातात नाही, पण या तिन्ही गोष्टी आहेत.

आणि सामने हवेत. सोलापुरात मैदानावर क्रिकेटचं राज्य. इथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असले की शाहू स्टेडियम भरून जातं. त्या गर्दीसमोर चुकायला शिकणं फार मोलाचं आहे.

तेव्हा डिप्लोमाची परीक्षा दे आणि सुट्टीत इकडे ये. माडीवरची खोली रिकामी आहे, तालमीत मी शब्द टाकतो. येण्याआधी आईजवळ बसून नीट बोल. ती रात्रभर जागी असते.

तुझा,
मामा